न दिसणारा किल्ला

१

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीच्या वर्गाला इतिहास शिकवताना मी एका जुन्या चित्राची छापील प्रत वर्गात नेली होती. चित्र मोगल दरबारातले. खालच्या अंगाला घोडेस्वारांची दाटी आणि हत्ती. पार वरच्या अंगाला, धुराच्या लोटांत, तटाबुरुजांचा एक किल्ला. चित्राचा विषय 'कंदहारचा वेढा, मे १६३१'. हा कंदहार अफगाणिस्तानातला नव्हे. फारसी बखरकार ज्याला तेलंगणातला कंदहार म्हणत, तो आपल्या नांदेड जिल्ह्यातला, मन्याड नदीच्या काठचा कंधार. शहाजहानच्या फौजेने नासिरीखानाच्या हाताखाली निजामशाहीकडून तो घेतला, त्या प्रसंगाचे हे चित्र. आपल्या मुलखातला एक किल्ला बादशहाच्या चित्रशाळेत रंगवला गेला, याचा मला कोण अभिमान वाटत होता! मुलांनाही तो वाटावा, एवढाच माझा हेतू.

मागच्या बाकावर कंधारकडच्या एका खेड्यातला मुलगा बसत असे. तो चित्र बराच वेळ न्याहाळून म्हणाला, "सर, आपला किल्ला डोंगरावर कामून काढलाय? त्यो तर खाली हाय."

मी सांगून मोकळा झालो की चित्रकाराने किल्ला प्रत्यक्ष पाहिला नसेल, म्हणून चुकला. तास संपला. परंतु ते उत्तर मला पुढे बोचत राहिले, कारण ते घाईचे होते आणि, आता कळते आहे, ते बरोबरही नव्हते. चुकला होता तो चित्रकार नव्हे. चित्र पाहणारे आम्ही. त्या चित्रातला किल्ला डोंगरावर नव्हताच. तो दूर होता.

पडक्या किल्ल्यांच्या जुन्या चित्रांविषयी जे चार शब्द मी पुढे लिहिणार आहे, त्यांचा उगम त्या मुलाच्या प्रश्नात आहे. मी स्थापत्यशास्त्राचा अभ्यासक नाही. कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत शिकवतो. परंतु पडका किल्ला हा आम्हां कादंबरीकारांचा फार दिवसांचा भांडवलाचा जिन्नस आहे. तो आम्ही कोणाच्या डोळ्यांनी पाहत आलो, याची झडती एकदा घेणे जरूर आहे.

२

प्रथम त्या मोगल चित्राकडे परत येऊ. ते पयाग नावाच्या चित्रकाराचे. अब्दुल हमीद लाहोरीच्या 'पादशाहनामा' या ग्रंथाची जी सचित्र हस्तलिखित प्रत आज इंग्लंडात विंडसरच्या राजग्रंथालयात आहे, तीत ते आहे. अवधच्या नवाबाकडून ती प्रत तिसऱ्या जॉर्ज राजाकडे १७९९ मध्ये पोचली. १९९७ साली तिच्यातील चित्रे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात मांडली होती, तेव्हा कंधार जवळजवळ दोनशे वर्षांनी का होईना, चित्ररूपाने हिंदुस्थानात येऊन गेला.

पयागच्या काळच्या चित्रपरंपरेत पानावर जे खाली ते जवळ आणि जे वर ते दूर. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या वहीत जवळचे मोठे, दूरचे लहान आणि क्षितिजाची एकच रेघ असा जो नियम शिकवतात, तो युरोपातून आला. मोगल चित्रशाळेतही युरोपची छापील चित्रे येऊन पोचली होती, आणि धूर, धूळ, अंतर दाखवण्याच्या युक्त्या तिथल्या चित्रकारांनी त्यांतून उचलल्या होत्या. परंतु पानाची जुनी मांडणी त्यांनी सोडली नव्हती. म्हणून पयागचा कंधार पानाच्या माथ्यावर आहे, आणि आमच्या डोळ्यांना तो डोंगरावर दिसतो.

याच ग्रंथात मुरार या चित्रकाराने काढलेला दौलताबादचा वेढाही आहे. प्रसंग १६३३ चा. तिथे मात्र डोंगर खराच आहे. त्या डोंगराला वेढणारे तट चित्रकार असे मांडतो की एका जागी उभ्या असलेल्या माणसाला जे एकाच वेळी दिसणे शक्य नाही, ते पाहणाऱ्याला एकत्र दिसावे. किल्ला 'कसा दिसतो' यापेक्षा त्यात 'काय काय आहे' याकडे त्याचे ध्यान आहे. गावातला म्हातारा माणूस वाड्याचे वर्णन करतो तसे हे आहे. तो दारात उभा राहून चौक दिसतो की नाही हे पाहत नाही. ओसरी, चौक, माजघर, आड, परसू असे ओळीने सांगून टाकतो.

मात्र ही चित्रे किल्ल्यासाठी काढलेली नाहीत, हे विसरून चालणार नाही. त्यांचा विषय विजय आहे. कंधारला वेढा महिनोन्‌महिने चालला. चित्रात त्याचा एक क्षण झाला. आज कंधारला गेले तर सर्वांत आधी काय भिडते? खंदकाचे पाणी. मग एकाच्या आत एक असे तट, वळणावळणांनी आत नेणारे दरवाजे, त्यांतल्या एकावर कोरलेले मासे, ज्यांवरून लोक त्याला मच्छली दरवाजा म्हणतात. जिंकणाऱ्याच्या चित्राला या गोष्टींशी कर्तव्य नाही. किल्ला जितका भव्य, तितका जिंकणारा मोठा, एवढ्यापुरताच किल्ला. पण तरीही पयाग आणि मुरार यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्यांच्या चित्रातला किल्ला चालता आहे. त्यावरून तोफ डागली जाते, त्याच्यासाठी माणसे मरतात. तो अजून पडलेला नाही. किल्ल्याच्या पडण्यात काही गोडवा असतो, ही कल्पना त्यांना शिवलेली नाही.

३

ती कल्पना पुढे आली, आणि आली ती बोटीतून.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात एक नवी अभिरुची रूढ झाली. निसर्गाकडे आणि जुन्या इमारतींकडे त्या चित्रात कशा शोभतील या नजरेने पाहायचे. विल्यम गिल्पिन या धर्मोपदेशकाने १७८२ साली वाय नदीकाठच्या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात टिंटर्न येथील पडक्या मठाविषयी लिहिताना त्याने असा विचार मांडला आहे की त्याच्या त्रिकोणी भिंती फारच नीटस राहिल्या आहेत, कोणी बेताने हातोडी चालवील तर बरे होईल. पडझड पुरेशी सुंदर नाही, म्हणून ती आणखी थोडी पाडावी! हे वाचून हसू येते. पण या एका सूचनेत त्या साऱ्या अभिरुचीचे मर्म आहे. भिंत कशासाठी बांधली हा प्रश्न तिथे मागे पडतो. ती कशी पडली आहे एवढेच उरते.

ही नजर घेऊन चित्रकार हिंदुस्थानात आले. विल्यम हॉजेस १७८० मध्ये आला. त्यामागून टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम. डॅनियल काका-पुतण्यांनी सहासात वर्षे देश पालथा घातला, १७९३ मध्ये ते आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही आले, आणि १७९५ ते १८०८ या काळात १४४ चित्रांचा आपला मोठा संग्रह त्यांनी लंडनात छापला. चित्र छापण्याची रीत अशी: तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक भुकटी बसवायची, तो पत्रा आम्लात थोडाथोडा खाऊ द्यायचा, म्हणजे शाईला जलरंगासारख्या फिक्या-गडद छटा मिळतात; छापलेल्या प्रतींवर मग हाताने रंग भरायचे. आभाळ, धुके, सावली यांना ही रीत फार अनुकूल. दगडाचा सांधा, चुन्याची दर्ज, तटातल्या जंगीचा कोन यांना तितकी नाही. साधनच असे की ते हवा आधी पकडणार आणि भिंत मागून.

आपल्या मुलखाच्या दृष्टीने महत्त्वाचा संग्रह कॅप्टन रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले याचा. हा कंपनी सरकारच्या लष्करातला अधिकारी. पुढे ज्याच्या नावाने ग्रिंडलेज बँक चालली, तोच हा. पश्चिम हिंदुस्थानातील देखावे, पेहराव आणि इमारती यांचा छत्तीस चित्रांचा संग्रह त्याने १८२६ ते १८३० या काळात लंडनात प्रसिद्ध केला. दौलताबाद त्यात आहे. असणारच. पुण्याहून अहमदनगरमार्गे औरंगाबाद आणि पुढे जालन्याच्या छावणीकडे जाणाऱ्या साहेबाच्या वाटेवरच तो डोंगर उभा होता, आणि डोंगरही असा की चित्रकाराने काही जुळवण्याआधीच तो चित्र होऊन बसलेला. खडकाचा सुळका, पायथ्याशी चांद मिनाराची सरळ रेघ, भोवती ओसाड शहर. पुढे सावलीतली जमीन, बाजूला एखादे झाड, उंची कळावी म्हणून चार माणसे एवढे मिळवले की मांडणी पुरी.

आता दौलताबाद ज्याने पायांनी पाहिला आहे, त्याने अशा चित्राशेजारी आपली आठवण ठेवून पाहावी. त्या किल्ल्याची खरी करामत कुठे आहे? डोंगराची बाजू तासून उभी भिंत केली आहे, तिच्या पायाशी खडकातच खंदक खोदला आहे. तो ओलांडला की अंधारी लागते. खडकाच्या पोटातून वळत वर जाणारी ती काळोखी वाट, जिथे शत्रूला दिशा कळू नये आणि पायाखालची पायरी दिसू नये, तीच दौलताबादच्या स्थापत्याचा गाभा. यादवांची राजधानी, खिलजीची स्वारी, तुघलकाचे १३२७ चे स्थलांतर, गोवळकोंड्याच्या अबुल हसन तानाशहाचा चिनी महालातला कैदवास हा सारा इतिहास त्या खडकाभोवती फिरला, तो या गाभ्यामुळे. आणि हा गाभा चित्रात येऊ शकत नाही. काळोखाचे चित्र कसे काढणार? बाहेर, झाडाखाली, घडीच्या खुर्चीवर बसलेल्या साहेबाला मिनार दिसतो. अंधारी दिसत नाही. म्हणून त्याच्या दौलताबादेत मिनार मोठा आणि किल्ला लहान. वास्तविक मिनार हा विजयाचा स्तंभ. किल्ल्याच्या बचावाशी त्याचा संबंध थोडाच.

रॉबर्ट एलियट या नौदलातल्या अधिकाऱ्याच्या संग्रहाची तऱ्हा याहून पुढची. १८३० ते १८३३ या काळात तो निघाला, त्यात विजापूरच्या पडक्या इमारती पुष्कळ आहेत. एलियटने जागेवर टिपणे काढली. परंतु त्यांवरून अंतिम चित्रे तयार केली ती सॅम्युअल प्राउट, क्लार्कसन स्टॅनफील्ड यांच्यासारख्या लंडनच्या नामवंतांनी, ज्यांनी हिंदुस्थानात पाऊल ठेवले नव्हते. प्राउटची ख्याती युरोपातल्या जुन्या शहरांच्या झिजलेल्या, पोपडे सुटलेल्या भिंती रंगवण्याबद्दल. मग विजापूरच्या भिंतीलाही तीच झीज आली तर नवल ते काय? आदिलशाही गवंड्याचा चुना कसा ओघळतो आणि युरोपातला दगड कसा झिजतो, यातला फरक लंडनात बसून कळावा कसा? आणि एवढे टीपकागदासारखे टिपूनही त्या चित्रात विजापूरचा माणूस येतो तो केवळ अंगरखा घातलेल्या ठिपक्यासारखा.

ही चित्रे मी टाकाऊ मानतो असा कोणी ग्रह करून घेऊ नये. आज जे कोसळून गेले, त्याचा कित्येकदा तेवढाच पुरावा उरला आहे. त्यांतील काहींचे आभाळ तर असे आहे की पाहत राहावे. माझे म्हणणे इतकेच की त्यांत इमारतीपेक्षा इमारतीविषयीची हुरहूर अधिक आहे.

४

तिसरी जात मापे घेणाऱ्यांची. तिच्यात आपल्या लोकांचा हात आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर.

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार सवाई माधवरावाच्या पुण्यात होता. त्याच्याबरोबर गंगाराम चिंतामण तांबट या मराठी कारागिराने वेरूळची लेणी रेखाटली. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांवरून वेरूळचा संग्रह १८०३ मध्ये छापला गेला, त्यावर नावे आहेत वेल्सची आणि डॅनियलची. गंगारामची रेखाटने आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. निदान त्याचे नाव उरले. १८६६ साली विजापूरच्या स्थापत्यावर लंडनात एक मोठा ग्रंथ निघाला. मजकूर लिहिला मेडोज टेलर आणि जेम्स फर्ग्युसन यांनी. हा टेलर आपल्या ओळखीचा; १८५३ नंतर काही वर्षे नळदुर्गचा कारभार त्याच्याकडे होता. त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर रेखाटने करणाऱ्यांत कॅप्टन हार्टचे नाव आहे, कमिंग नावाच्या इंजिनेराचे आहे, आणि त्यानंतर नावे नाहीत, दोनच शब्द आहेत. त्यांचा अर्थ, 'आणि एतद्देशीय नकाशानवीस'.

या नकाशानविसांची मला फार ओढ वाटते. ते घुमटावर चढले असतील, दोरी धरून उभे राहिले असतील, उन्हात कमानीची रुंदी वाचून सांगितली असेल. त्यांच्या कामात हुरहूर नाही. भिंत इतकी जाड, कमान इतकी उंच, आणि घुमटाचा उभा छेद घेतला तर आतली पोकळी अशी. पडलेला भाग तुटक रेघेने दाखवायचा. मला वाटते, पडक्या इमारतीविषयी याहून सभ्य रेघ कोणी काढली नसेल. ती म्हणते, इथे भिंत होती, आता नाही. आणि नसण्याचे ती भांडवल करीत नाही.

मराठवाड्याच्या वाट्याला ही रेघ आली ती जेम्स बर्जेसच्या हातून. बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतल्या प्राचीन अवशेषांवरचा त्याचा अहवाल १८७८ चा. धाराशिवची लेणी, औशाजवळच्या खरोशाची लेणी यांचे तळाचे नकाशे खांबाखांबानिशी कागदावर आले. बर्जेसचा ओढा लेण्यांकडे आणि देवळांकडे होता. किल्ल्याला असे भाग्य लाभले ते बीदरला, गुलाम याझदानींच्या १९४७ च्या ग्रंथात. त्यातले नकाशे पुढे ठेवून बीदरच्या दरवाजांतून फिरले म्हणजे आपण किती आंधळेपणाने किल्ले पाहत आलो हे कळते.

मापाच्या रेखाटनातही उणे आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. त्यात माणूस नाही. देवडीत बसणाऱ्या पहारेकऱ्याला पावसाळ्यात झड लागत होती का, खंदकातले पाणी उन्हाळ्यात किती खाली जात होते, फांजीवरून गस्त घालताना काय ऐकू येत होते, हे छेद घेऊन दिसत नाही. ते काम आमचे, लिहिणाऱ्यांचे. आम्ही ते केले का, हा प्रश्न आता टाळता येत नाही.

५

डॅनियलच्या १४४ चित्रांत आणि ग्रिंडलेच्या छत्तिसांत औसा नाही. त्याचे कारण औशाला गेल्यावर कळते.

लातूरहून औशाला जाताना किल्ला शोधावा लागतो. दौलताबाद कोसावरून हाक मारतो. औसा जवळ गेले तरी बोलत नाही. तो भुईकोट तर आहेच, पण सखल जागी आहे. चहूबाजूंची जमीन त्याच्यापेक्षा चढ. नवख्याला वाटते, बांधणाऱ्याची अक्कल गहाण पडली होती. किल्ला खड्ड्यात कोण बांधतो? मग आत जाऊन सर्वांत उंच जागी चढले की उलगडा होतो. तिथून दूरवरची वाट स्वच्छ दिसते; येणारी फौज लांबूनच नजरेत भरते, आणि येणाऱ्या फौजेला किल्ल्याचा बहुतेक भाग दिसत नाही. तोफेच्या काळात जे दिसत नाही त्यावर नेम धरता येत नाही. न दिसणे हेच औशाचे स्थापत्य. खंदक, परकोट, तट, बुरूज हे सारे त्या एका विचाराचे हातपाय. १६३६ च्या मोहिमेत मोगलांनी उदगीर आणि औसा दोन्ही घेतले, परंतु दोन्ही ठिकाणी त्यांना वेढा घालून बसावे लागले.

अशा इमारतीपुढे देखाव्याचा चित्रकार हतबल आहे. पुढे झाड, मध्ये उजेड, मागे सुळका, ही मांडणी इथे लागूच पडत नाही, कारण मागे काहीच वर येत नाही. ज्या किल्ल्याने न दिसण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याने चित्रकारालाही चुकवले! कंधारचे पुष्कळसे असेच. त्याचे बळ पाण्यात आणि वळणात, उंचीत नाही. आमच्या या दोन जिल्ह्यांतले स्थापत्य असे जमिनीला धरून राहणारे आहे. त्याची छापील चित्रे झाली नाहीत, आणि ज्याचे चित्र नाही ते हळूहळू कमी प्रतीचे ठरले. मुले सहलीला दौलताबादला जातात. कंधारला, औशाला 'काय आहे तिथे?' असे विचारतात.

आणि मी तरी काय केले? बारा वर्षांपूर्वी मी औशाच्या किल्ल्यावर बेतलेली एक कादंबरी लिहिली. तिच्या पहिल्या प्रकरणात नायक घोड्यावरून येतो, आणि त्याला दूर क्षितिजावर, मावळतीच्या उजेडात, किल्ल्याचा भग्न बुरूज आभाळात घुसलेला दिसतो. हे वाक्य मला तेव्हा फार आवडले होते. एका वाचकाने पत्रातून त्याची तारीफही केली. औसा मी लहानपणापासून पाहत आलो होतो. तिथे असा बुरूज कुठूनही दिसत नाही, हे माझ्या पायांना ठाऊक होते. तरी लिहिताना पायांना कोणी विचारले नाही. तो बुरूज ग्रिंडलेचा होता, किंवा त्याच्या चित्रांवरून निघालेल्या कॅलेंडरांचा, नाटकाच्या पडद्यांचा, कादंबऱ्यांच्या वेष्टनांचा. विलायतेहून आलेली ती मावळती इतक्या हातांतून फिरली होती की मला ती माझीच वाटली. आणि त्या एका वाक्याने मी औशाच्या बांधणाऱ्याचा सारा विचार मोडून टाकला. क्षितिजावर दिसणारा औसा पहिल्याच दिवशी पडला असता.

यात मी एकटा आहे असे मला वाटत नाही. आमच्या ऐतिहासिक कादंबरीत किल्ला बहुधा क्षितिजावर असतो आणि बहुधा संध्याकाळ असते. त्याचे दरवाजे कुठल्या दिशेला वळतात, पाणी कुठून येते, धान्य कुठे साठते, हे नायकालाही ठाऊक नसते आणि लेखकालाही. भावनेचे वजन आम्ही भिंतीवर टाकतो, पण भिंत कशावर उभी आहे ते पाहत नाही.

पडझडीच्या गोडव्याविषयी आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी लहान होतो. आमचे घर लातूरला. गणेश विसर्जनाची रात्र उलटून माणसे निजली होती. औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावेच्या गावे बसली. जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचे माळवद. ते सारे निजलेल्यांवर आले. हजारो माणसे गेली. काही दिवसांनी वडिलांबरोबर मी तिकडे गेलो. एका घराची फक्त चौकट उभी होती. तिच्यामागे ढीग. कोणी मुसाफिराने त्या चौकटीचे संध्याकाळच्या उजेडात चित्र काढले असते तर ते सुंदर झाले असते, यात मला शंका नाही. आणि त्या चित्राचा मला आजन्म राग आला असता.

किल्ल्याची पडझड जुनी असते, तिच्याखाली कोणी नसते, हे मला कळते. तीनशे वर्षांनी शोकाची धार बोथट होते, आणि तसे व्हावेच. परंतु भिंत पडते तेव्हा ती काही कारणाने पडते, आणि उभी असते तेव्हाही काही कारणाने उभी असते. किल्लारीनंतर इंजिनेर लोकांनी गावोगाव हेच सांगितले: दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते, माथ्यावर मातीचे ओझे फार होते. ज्याने हे ऐकले त्याला पडक्या भिंतीकडे नुसते हुरहुरून पाहता येत नाही. तो पाहतो ती सांध्याकडे.

६

गेल्या हिवाळ्यात मी माझ्या वर्गाला कंधारला घेऊन गेलो. कॅमेऱ्याचे फोन दप्तरात ठेवायला लावले, त्याबद्दल कुरकुर झाली. प्रत्येकाला एक चौकटीचा कागद दिला आणि सांगितले की किल्ला 'सुंदर' काढायचा नाही. पावलांनी मोजायचा. दहा पावले म्हणजे एक चौकट. दरवाजातून आत जाताना वाट किती वेळा वळते ते लिहायचे. पडलेली भिंत तुटक रेघेने. जिथे पाणी, तिथे आडव्या रेघा.

दोन तासांत जे कागद जमले, त्यांना चित्र म्हणणे कठीण. कोणाचा तट आतल्या तटात शिरला होता, कोणाचा खंदक मन्याडएवढा रुंद. एका मुलीने मच्छली दरवाजातले मासे मात्र काळजीने काढले होते. पावले प्रत्येकाची निराळी, म्हणून मापे जुळेनात, आणि त्यावरून परतीच्या वाटेत मोठे भांडण जुंपले. शेवटी ठरले की पुढच्या खेपेला दोरी न्यायची. त्या भांडणात मला एतद्देशीय नकाशानविसांची आठवण झाली.

मागच्या बाकावरचा तो मुलगा आता दहावीत होता. त्याने आपला कागद उभा न धरता आडवा धरला होता. सगळा किल्ला खालच्या बाजूला, वर नुसता कोरा कागद. मी विचारले, एवढी जागा का सोडलीस? तो म्हणाला, "सर, किल्ल्याच्या आतून काढलंय मी. हितून वैरी येताना दिसतो."

मी त्याचा कागद मागून घेतला आहे. औशाची ती कादंबरी दुसऱ्या आवृत्तीला काढावी असे प्रकाशकाचे पत्र आले आहे. पहिले प्रकरण मी पुन्हा लिहितो आहे. त्यात बुरूज नाही. एक माणूस माळावरून चालतो आहे, त्याला समोर जमिनीशिवाय काहीच दिसत नाही, आणि त्याच्यावर कोणाची तरी नजर आहे हे त्याला माहीत नाही.